निजामाच्या दप्तराआधीची नोंद

२०२३च्या सप्टेंबरपासून जालना जिल्ह्यात पारापारावर एकच विषय होता: आजोबा-पणजोबांची नोंद. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली दप्तरे पुन्हा उघडली गेली. मोडी वाचणारे हवे झाले, उर्दू वाचणारे हवे झाले. ज्यांना पणजोबाचे नाव धड ठाऊक नव्हते, त्यांनी खापरपणजोबापर्यंतची वंशावळ कागदावर मांडली. आरक्षणाचा प्रश्न समाजाचा आणि कायद्याचा आहे. त्याचा निवाडा तिथेच होईल आणि त्यात जनुकशास्त्राने नाक खुपसण्याचे कारण नाही. पण वंशावळ मागे मागे नेण्याची ही ओढ दप्तर संपले म्हणून थांबायला नको. निजामाचे राज्य तर कालपरवाचे. त्याच्याही हजारो वर्षे आधीची एक नोंद आपल्या अंगात आहे आणि ती वाचण्याची विद्या गेल्या पंचवीस वर्षांत हाती आली आहे.

ही नोंद म्हणजे जीनोम, अर्थात जनुकसंच. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत २३ गुणसूत्रांच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईचे, एक वडिलांचे. एका संचात सुमारे ३१० कोटी अक्षरे असतात आणि ती ए, टी, जी, सी या चारच अक्षरांची असतात. १९९० साली सुरू झालेला मानवी जनुकसंच प्रकल्प २००३मध्ये पुरा झाल्याचे जाहीर झाले, तरी सुमारे आठ टक्के भाग वाचायचा राहिला होता. तो वाचून संपूर्ण क्रम प्रसिद्ध झाला २०२२मध्ये. एवढ्या पसाऱ्यात प्रथिने बनवणारी जनुके जेमतेम वीस हजार.

मूल जन्मते तेव्हा आईवडिलांची ही अक्षरे नकलून येतात आणि नक्कल करताना साठ-सत्तर अक्षरे बदलतात. बहुतेक बदलांनी काही बिघडत नाही, पण ते पुढच्या पिढ्यांत उतरत राहतात. दोन माणसांत, किंवा माणसात आणि वानरात, नेमक्या त्याच जागी तोच बदल सापडला तर तो दोघांच्या समाईक पूर्वजात झाला असणार, हा सगळ्या तर्काचा पाया. वेगळे बदल किती साठले ते मोजले की दोन घराणी कधी फुटली याचाही अंदाज बांधता येतो.

मोसंबी कोणाला लागते?

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आजाऱ्याला भेटायला जाताना तिचीच पिशवी हातात असते, कारण क जीवनसत्त्व. पण त्याच मोसंबीच्या बागेच्या बांधावर चरणाऱ्या शेळीला मोसंबीची गरज नसते. शेळी आपले क जीवनसत्त्व आपल्याच यकृतात तयार करते. कुत्रा करतो, गाय करते, उंदीर करतो. साध्या साखरेपासून पायरीपायरीने हे जीवनसत्त्व बनते आणि शेवटच्या पायरीला एक विकर लागते. ते विकर बनवणाऱ्या जनुकाला गुलो म्हणतात.

माणसाच्या आठव्या गुणसूत्रावर हे गुलो जनुक आजही आहे, पण मोडक्या अवस्थेत. त्याचे काही तुकडे गळाले आहेत, उरलेल्यांत अक्षरांचा घोळ आहे. त्यातून विकर बनत नाही. एखाद्या कारागिराने माणूस नव्याने घडवला असता, तर बंद पडलेले जनुक अंगात ठेवून दिले नसते. आता देवळाच्या शिखरावरून उड्या मारणारे वानर पाहा. त्याचेही गुलो मोडलेले आहे. चिंपांझीचे, गोरिलाचे, लालतोंड्या माकडाचेही तसेच. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी या सगळ्यांच्या समाईक पूर्वजात हे जनुक बिघडले. तो फळे-पाने खाऊन राहत होता, त्यामुळे बिघाड अंगाशी आला नाही आणि तो वंशात पसरला. मादागास्करच्या लेमूरांची शाखा त्याआधीच फुटली होती. त्यांच्यात हे जनुक अजून शाबूत आहे. हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही हा माणसाचा रोग त्या जुन्या बिघाडाची शिक्षा आहे. आवळा, लिंबू, मोसंबी मिळत राहिली तर तो होत नाही, इतकेच.

दुसरा पुरावा गुणसूत्रांच्या मोजणीचा. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना ४८ गुणसूत्रे, माणसाला ४६. मग एक जोडी गेली कुठे? माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या पोटात उत्तर सापडले. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला ठरावीक अक्षरांची पुनरावृत्ती असते. या गुणसूत्रात ती टोकाशी तर आहेच, पण मधेही आहे, तीही दोन टोके एकमेकांना चिकटल्यासारखी. म्हणजे दोन जुनी गुणसूत्रे जुळून एक झाले. १९९१मध्ये हा सांधा नेमका सापडला. २००५मध्ये चिंपांझीचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा दोघांची सरळ जुळणारी अक्षरे शेजारी मांडली गेली. शंभरात साधारण सव्वा अक्षराचा फरक निघाला.

घाटी ना कोकणी, सगळे आफ्रिकी

आजच्या माणसाचे मूळ आफ्रिकेत आहे हे आता वादापलीकडे गेले आहे. जनुकांची सर्वांत जास्त विविधता आफ्रिकेत आहे आणि तिथून जितके दूर जावे तितकी ती घटत जाते. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांचा, म्हणजे आपलाही, बहुतांश वारसा पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वी तिथून निघालेल्या एका छोट्या गटाकडे जातो.

त्या वाटेवर एक सोयरीक झाली. युरोप आणि पश्चिम आशियात तेव्हा निअँडरथल माणूस राहत होता. त्याच्या हाडांतून डीएनए काढून त्याचा जनुकसंच वाचण्याचे काम स्वान्ते पाबो यांनी केले. पहिला आराखडा २०१०मध्ये आला आणि २०२२चे नोबेल पाबोंना मिळाले. या कामातून कळले की आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येकात निअँडरथलचा एक ते दोन टक्के अंश आहे. मंठ्याच्या बाजारात ज्वारी विकणारा आणि बर्लिनमध्ये पाव विकणारा, दोघेही या बाबतीत सारखे.

हा अंश निव्वळ आठवण म्हणून राहिलेला नाही. कोविडच्या पहिल्याच वर्षी ह्यूगो झेबर्ग आणि पाबो यांनी दाखवले की तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे पन्नास हजार अक्षरांचा एक निअँडरथल तुकडा ज्यांच्याकडे आहे, त्यांना तो आजार जास्त झोंबतो. दक्षिण आशियातल्या जवळजवळ निम्म्या लोकांकडे हा तुकडा आहे, युरोपात सहापैकी एकाकडे. झाले, भारतीयांचे नशीबच खोटे अशा बातम्या निघाल्या. पण २०२१मध्ये भारतीय संशोधकांनी इथली आकडेवारी तपासली, तेव्हा त्या तुकड्याचा संसर्गाच्या किंवा मृत्यूच्या प्रमाणाशी संबंध दिसला नाही. युरोपीय रुग्णांवर काढलेला निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लावता येत नाही, हा त्यातला धडा.

गोदाखोऱ्यात कोण कोण आले

आता आपल्या मुलखाकडे. जुन्या माणसांचे जनुक वाचायचे तर जुनी हाडे हवीत, आणि हाडांत डीएनए टिकला पाहिजे. आपल्या उष्ण, पावसाळी हवेत तो टिकत नाही. पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावला इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी ती बारा-पंधरा वर्षे खणली. घराच्या जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुले तिथे मिळाली. त्या हाडांनी आणि दातांनी आहाराबद्दल, आजारांबद्दल खूप सांगितले. वंशाबद्दल सांगायला मात्र हरियाणातल्या राखीगढीची वाट पाहावी लागली. डेक्कन कॉलेजचेच वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झाले. साठाहून अधिक सांगाड्यांचे नमुने तपासल्यावर एका, फक्त एका स्त्रीच्या हाडातून पुरेसा डीएनए निघाला. तो अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या एका बाईमुळे चित्र स्पष्ट झाले. आजच्या बहुतेक भारतीयांत तीन धारा आहेत. पहिली, आफ्रिकेतून आलेल्यांपैकी इथेच स्थिरावलेल्या शिकारी-संकलकांची. दुसरी, इराणच्या बाजूच्या प्राचीन लोकांशी नाते सांगणारी. सिंधू संस्कृतीच्या काळात या दोन्ही मिसळलेल्या होत्या, आणि राखीगढीच्या त्या स्त्रीत त्या दोनच आहेत. तिसरी, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांची. ती इसवीसनपूर्व २००० ते १५००च्या सुमारास उपखंडात आली. प्रमाण प्रांताप्रांतात आणि जातीजातीत कमीजास्त, पण धारा त्याच. गोदावरीच्या खोऱ्यातही ये-जा जुनीच: प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर हडप्पा काळातली वस्ती आहे आणि १९७४मध्ये तिथे काशाचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा सापडले, हे प्रसिद्धच आहे.

मिसळ कधी झाली? प्रिया मूरजानी, हैदराबादचे कुमारसामी थंगराज, लालजी सिंग, डेव्हिड राइक आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये भारतीय उपखंडातल्या ७३ समाजगटांची जनुके तपासली. मिसळ झाली की दोन धारांचे लांबलचक पट्टे एकत्र येतात आणि दर पिढीत त्यांचे तुकडे होत जातात. तुकड्यांच्या लांबीवरून किती पिढ्या गेल्या ते कळते. उत्तर आले: ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी. या काळात जवळजवळ सगळ्यांची सगळ्यांशी सरमिसळ झाली. वरच्या समजल्या गेलेल्या जाती त्यातून सुटल्या नाहीत, आणि ज्यांना आपण सहज ‘मूळचे’ म्हणतो ते भिल्लही सुटले नाहीत. त्यानंतर मात्र सोयरिकीची दारे एकामागून एक बंद होत गेली.

१,९०० वर्षांपूर्वी म्हणजे सातवाहनांच्या अमदानीत. तेव्हा आपले भोकरदन ऐन भरात होते. त्याचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत. १९७३मध्ये शां. भा. देव आणि र. श्री. गुप्ते यांनी केलेल्या उत्खननात तिथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तशीच मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली १९३८मध्ये सापडली होती, आणि पाँपेई तर इसवीसन ७९मध्ये ज्वालामुखीखाली गाडले गेले. भोकरदनच्या केळना नदीकाठचा माल भूमध्य समुद्रापर्यंत जात होता, इथले लोक सांचीला दान देत होते, आणि साधारण त्याच शतकांत माणसे लग्नासाठी मात्र आपापल्या गटाबाहेर जाणे सोडत होती. जनुकांतला आकडा सरासरीचा आहे. एका वर्षी फतवा निघाला असे काही त्यातून दिसत नाही. पण बाजार मोठा होत असताना सोयरिकीचे रिंगण लहान होत गेले, एवढे त्यातून कळते.

रिंगणाची किंमत

इरावती कर्वे यांनी हे रिंगण जनुके वाचता येण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते. जात म्हणजे विस्तारलेला सोयरेगट, आणि एकाच नावाच्या जातीतले वेगवेगळे पोटभेद एकाच मुळाचे असतीलच असे नाही, असे त्या महाराष्ट्रातल्या माणसांची शरीरमोजमापे घेऊन मांडत होत्या. जनुकांनी दुजोरा दिला तो याच मुद्द्याला: वारशाचे खरे एकक ‘मराठा’, ‘ब्राह्मण’, ‘माळी’ असा मोठा शब्द नसून, ज्यांच्यात प्रत्यक्ष लग्ने होतात तो छोटा गट असतो.

छोट्या गटात काय होते हे जालन्यात बियाण्याच्या प्लॉटवर काम केलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे हा जिल्हा देशाला बियाणे पुरवू लागला. संध्याकाळी मादी ओळीतल्या कळीचे पुंकेसर नखाने काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतल्या फुलाचे पराग तिला लावायचे, हे कपाशीचे क्रॉसिंग इथल्या कित्येक बायकांनी हाताने केले आहे. मक्याची ओळ पिढ्यानपिढ्या स्वतःच्याच परागावर ठेवली की रोपे खुजी होतात, मधूनच एखादे पांढरेफटक निघते आणि मरते. बिघडलेले जनुक आधीपासून दडलेले होते. दोन्ही बाजूंनी तेच आले तेव्हा ते उघडे पडले. माणूस म्हणजे पीक नव्हे, पण आनुवंशिकतेचा हा नियम दोघांना एकच आहे.

२०१७मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ गटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८१ गटांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी यहुद्यांपेक्षाही गडद निघाला, आणि हे दोन समाज तर या बाबतीत जगात उदाहरण म्हणून दिले जातात. यातल्या काही गटांची आजची लोकसंख्या दहा लाखांवर आहे. माणसे लाखो, पण वंश थोड्यांचा. तेलुगू मुलखातल्या वैश्य समाजाचे उदाहरण भूलतज्ज्ञांच्या तोंडी असते. शस्त्रक्रियेआधी स्नायू सैल करण्याचे एक औषध देतात. बहुतेकांत ते काही मिनिटांत उतरते. या समाजातल्या काहींत ते उतरवणारे विकरच नसते आणि रुग्ण तासन्‌तास स्वतः श्वास घेऊ शकत नाही. म्हणून टेबलावर घेण्याआधी समाज विचारला जातो. त्यात हेटाळणी नाही, खबरदारी आहे.

आपल्या रूढींनी जवळच्या नात्याचा धोका थोडा ओळखला होता आणि थोडा दुर्लक्षिला होता. एकाच देवकात लग्न करत नाहीत. पण मामाची मुलगी चालते, किंबहुना तिच्यावर हक्क सांगितला जातो. मामे-आते भावंडांच्या जनुकांचा सुमारे आठवा हिस्सा समाईक असतो, देवक काहीही असले तरी.

जवसाची चटणी आणि पुण्याचे शाकाहारी

दारे बंद होण्याबरोबर आणखी एक गोष्ट चालू होती: खाण्यापिण्याने जनुकांची निवड होत होती. याचे एक ठसठशीत उदाहरण पुण्यातले आहे. २०१६मध्ये कॉर्नेल विद्यापीठ आणि पुण्यातल्या संशोधकांनी पुण्याच्या २३४ शाकाहारी व्यक्तींच्या एका जनुकातला २२ अक्षरांचा तुकडा तपासला. तो ज्याच्या दोन्ही प्रतींत असतो, त्याचे शरीर वनस्पतिजन्य तेलांपासून मेंदूला आणि पेशींना लागणारी लांब साखळीची स्निग्धाम्ले चांगली बनवते. मासे-मांस खाणाऱ्याला ती आयती मिळतात. पुण्याच्या गटात ६८ टक्के लोकांकडे तुकड्याच्या दोन्ही प्रती होत्या, अमेरिकेतल्या कॅन्ससच्या गटात १८ टक्के.

मराठवाड्याच्या ताटात जवसाची चटणी आणि करडईचे तेल पिढ्यानपिढ्या आहे. जवसात ओमेगा-३चा कच्चा माल भरपूर, करडईत ओमेगा-६चा. संशोधकांनी इशाराही दिला आहे: ज्यांचे शरीर हे रूपांतर झपाट्याने करते, त्यांनी ओमेगा-६ची तेले बेसुमार खाल्ली तर शरीरात दाह वाढवणारी द्रव्येही जास्त बनू शकतात. तेल थोडे आणि चटणी रोज, हा जुना हिशेब या जनुकाशी जुळतो. पाकिटातल्या तळणीचा जुळत नाही.

पूर्वजांचे गणित

शुद्ध वंशाचा अभिमान बाळगणाऱ्याने एक हिशेब करून पाहावा. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या वरचे आठ. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर तीस पिढ्यांमागे, म्हणजे शेजारच्या देवगिरीवर रामदेवराय यादव राज्य करत होता त्या काळात, आपल्या पूर्वजांच्या जागा होतात १०७ कोटी. तेव्हा अख्ख्या जगाची लोकसंख्या चाळीस कोटींच्या आसपास होती. म्हणजे तीच माणसे वंशावळीत पुन्हा पुन्हा येतात. रिंगणात लग्ने झाल्यामुळे आपल्याकडे ती अधिकच येतात. पण वंशावळ आणखी दोन हजार वर्षे मागे नेली, म्हणजे दारे उघडी होती त्या काळात, की आज एकमेकांचे पाणी न पिण्याची आठवण सांगणाऱ्या घरांचे पूर्वज तेच निघतात. शेवटी बेरीज तीच राहते: कोणतीही दोन माणसे घ्या, त्यांची हजारातली ९९९ अक्षरे सारखी. लायकी, उच्चनीच यांची नोंद या अक्षरांत कुठेही नाही.

मग या विद्येचा उपयोग काय? भारतातल्या ८३ समाजगटांतल्या दहा हजारांवर व्यक्तींचे जनुकसंच ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने वाचले आणि ती माहिती ९ जानेवारी २०२५ला संशोधकांसाठी खुली झाली. कोणत्या गटात कोणता दोष दडला आहे, कोणत्या औषधाचा डोस कोणाला जड जाईल, हे यातून कळत जाईल. एक पाऊल मात्र आजही उचलता येते. आपल्याकडे समाजासमाजाचे वधू-वर परिचय मेळावे भरतात, पुस्तिका निघतात. त्यांत उंची, शिक्षण, देवक, गोत्र आणि बहुधा रक्तगटही छापलेला असतो. त्याच रांगेत थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांच्या वाहक-तपासणीचा रकाना आला पाहिजे. तपासणी साध्या रक्तनमुन्यावर होते. वाहक माणूस धडधाकट असतो. दोघेही यांपैकी कोणत्याही दोषाचे वाहक असतील तरच दर गर्भारपणात चारात एक शक्यता मूल आजारी असण्याची, आणि तेव्हाही गर्भजल तपासणीसारखे उपाय आहेत. एकच जण वाहक असेल तर मुलाला तो आजार होत नाही. म्हणून ‘वाहक’ असे लिहिलेले दिसले की मुलगी नाकारायची, हे अज्ञान झाले. वाहक आपल्यातले पुष्कळ जण आहेत. कोण कशाचा, एवढेच तपासायचे राहिले आहे.